जुना बाजार: वजनाचा भाव आणि ओळखीचा भाव

आजचा भाग चालता चालता ऐकायला हरकत नाही, विषयच पायी फिरण्याचा आहे. वाचणाऱ्यांसाठी नेहमीसारखंच: बोलले ते जवळपास तसंच ठेवलंय, माझे 'म्हणजे' आणि 'तर' तेवढे थोडे गाळलेत.

विषय आहे जुना बाजार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की रील्समध्ये दाखवतात तसं तिथे खरंच काही मिळतं का, की सगळा कॅमेऱ्यासाठीचा देखावा. मिळतं. पण रील तीस सेकंदांचं असतं आणि बाजार चार तासांचा, त्यामुळे मधला सगळा भाग कापला जातो. तो मधला भागच मला जास्त आवडतो, म्हणून आज त्याबद्दल.

मी पुण्याची, त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजाराबद्दलच मुख्यतः बोलणार. मंगळवार पेठेत, शनिवारवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. रस्त्याकडेला ताडपत्री, पोती, जुन्या साड्या अंथरलेल्या, आणि त्यावर माल. पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा होते हे आधीच सांगते. पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, ड्रिल मशीन, एका पायाचा बूट (दुसरा ढिगात असतो, शोधावा लागतो), चार्जर, रिमोट, सायकलचे सुटे भाग. बाजारात येणारे बहुतेक लोक गवंडी, प्लंबर, गॅरेजवाले, रिक्षावाले असतात आणि ते कामाची वस्तू स्वस्तात मिळते म्हणून येतात. 'व्हिंटेज' शोधणारे आपण तिथे पाहुणे. हे लक्षात ठेवलं की वागणूकही आपोआप बरी होते.

आता मुद्द्याचं. या बाजारात प्रत्येक जुन्या वस्तूला दोन भाव असतात. एक वजनाचा, दुसरा ओळखीचा. पितळेचा तांब्या घ्या. मोडीत काढला तर त्याची किंमत अमुक किलोला अमुक, झालं. पण तो तांब्या कधीचा, कुठल्या पद्धतीने केलेला, हे ज्याला कळतं त्याच्यासाठी त्याचा भाव वेगळा. विक्रेत्याला पहिला भाव पक्का ठाऊक असतो. दुसरा भाव तो तुमच्या चेहऱ्यावर वाचतो. आणि ज्या वस्तूला दिवसभरात कुणी ओळखलं नाही, ती अनेकदा पहिल्या भावाने जाते. पितळ भट्टीत, कागद लगद्यात.

हा माल येतो कुठून? वाडा पाडायला काढला, आजी-आजोबा गेले, मुलं परदेशात, फ्लॅट विकायचा आहे. घरचे आधी सोनं-चांदी बाजूला काढतात, मग फर्निचर, मग 'हे सगळं घेऊन जा' म्हणून भंगारवाल्याला बोलावतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका, रद्दीवाले, घर रिकामं करून देणारे कंत्राटी लोक, अशा हातांतून माल फिरत फिरत या ताडपत्रीवर येतो. इथून पुढे फक्त भट्टी. म्हणून मी या बाजाराला शेवटचा स्टॉप म्हणते. एका घराचं शंभर वर्षांचं सामान इथे एका सकाळपुरतं उघडं पडलेलं असतं.

बाजारात जायच्या आधी डोळा तयार करायचा असेल तर पुण्यातच त्याची शाळा आहे. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896चा, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. 1920च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढची साठेक वर्षं त्यात घातली. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि सगळ्या महाराष्ट्र सरकारकडे सोपवल्या.

मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? त्यांनी गोळा काय केलं. अडकित्ते. वज्र्या, म्हणजे आंघोळीत टाच घासायला धातूच्या असायच्या त्या. दिवे, कुलपं, फण्या, दौती, चुन्याच्या डब्या, स्वयंपाकघरातली भांडी. ज्या काळात संग्रह म्हणजे राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीतर देवळातल्या मूर्ती असं समीकरण होतं, तेव्हा या माणसाने सुपारी कातरायच्या हत्यारावर पैसे खर्च केले. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, बाई-पुरुषाच्या जोडीचे अडकित्ते आहेत तिथे. एकदा ते तासभर नीट बघा आणि मग बुधवारी बाजारात जा. गंजलेल्या पक्कडींच्या ढिगातला अडकित्ता तुम्हाला लांबूनच दिसेल. आधीही तो तिथेच असतो, पण डोळा त्याच्यावरून घसरून जातो.

तर भांड्यांपासून सुरू करूया, कारण नवशिक्याला सगळ्यात सोपं तेच.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं, कासं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि विक्रेत्यालाही त्यात अपमान वाटत नाही, तेही हेच करतात. मग भांडं हातात घेऊन उजेडात तिरकं धरा. हाताने ठोकलेल्या तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे गोल ठसे ओळीने दिसतात. त्याला मठारकाम म्हणतात आणि ते करणारे तांबट अजून कसबा पेठेतल्या तांबट आळीत काम करतात, बाजारापासून फार लांब नाही. हाताचे ठसे ओळीत असले तरी एकसारखे नसतात. यंत्राने उठवलेले ठसे मात्र एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा असे. भांड्याचा तळ बघा. वर्षानुवर्षं घासलेल्या, चुलीवर चढलेल्या भांड्याची झीज ठरावीक जागी असते: कडेला, बुडाच्या उंचवट्याला, धरायच्या जागी. मुद्दाम 'जुनं' केलेल्या भांड्यावर काळपटपणा सगळीकडे सारखा फासलेला असतो. खाचेत काळं आणि उंचवट्यावर चकचकीत, हे वापराचं लक्षण. आत राखाडी-पांढरा थर दिसला तर ती कल्हई. आंबट पदार्थ पितळेत कळकतात म्हणून आतून कथलाचा हात द्यायचे. अशी भांडी शोभेला ठेवा, पण स्वयंपाकात वापरायची तर आधी नव्याने कल्हई करून घ्या, हे आरोग्याचं आहे, हौसेचं नाही.

आणि मग नावं वाचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीख, गाव. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, कधी काठावर, कधी बुडाला. 'मामाकडून'. 'सप्रेम भेट'. कधी नुसती आद्याक्षरं, म्हणजे सामायिक वाड्यात भांडं कुणाच्या घरी गेलं तर परत यावं म्हणून. माझ्याकडे एक फुलपात्र आहे, त्याच्यावर दोन नावं आहेत. एक जुन्या वळणाचं, जवळजवळ पुसलेलं, आणि दुसरं वेगळ्या अक्षरात, खाली चाळीसेक वर्षांनंतरच्या तारखेचं. आडनाव तेच. म्हणजे सासूला आहेरात आलेलं भांडं पुढे सुनेला किंवा लेकीला दिलं गेलं असणार आणि देताना पुन्हा दुकानात नेऊन नाव घातलं असणार. ऐंशी रुपयांना मिळालं. विकणाऱ्या मामांनी ते इतर वाट्यांबरोबर तराजूत टाकलंच होतं.

काही लोक अशी भांडी घेतली की पहिलं काम म्हणजे नाव घासून काढतात, 'क्लीन लुक' पाहिजे म्हणून. मला ते बघवत नाही. पॉलिशही जपून करा. चिंच आणि मीठ पुरतं.

नाण्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे फसवणूक जास्त आहे. राम-सीता, हनुमान, लक्ष्मी अशा देवांची चित्रं, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि 1818 वगैरे साल, अशी तांब्याची नाणी जवळपास प्रत्येक जुन्या बाजारात दिसतात. 'या नाण्याला करोडो मिळतात' असले व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. कंपनीने अशी नाणी चलनात कधीच काढली नाहीत. हे नंतर केलेले बिल्ले आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

खरा ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. एक तोळा म्हणजे नेमकं तेवढंच वजन, म्हणून सोनार रुपयाच वजन म्हणून वापरायचे. त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी, म्हणजे साधारण पावणेअकरा ग्रॅम. फोनवर आजचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा. कुणी त्याच्या पाव किमतीत देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. राणीच्या रुपयावर 1876पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे आणि 1877पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. साल 1862 आणि नाव एम्प्रेस असं दिसलं तर हसून खाली ठेवा. 1940च्या दशकात आधी चांदी निम्म्यावर आली आणि 1947चा रुपया तर चक्क निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, आणि चिकटला म्हणून तो खोटा नाही! बाकी मला स्वतःला महाग नाण्यांपेक्षा दोन आण्याची चवली, चार आण्याची पावली, आठ आण्याची अधेली हातात घ्यायला जास्त आवडतात. 'सोळा आणे खरं' आपण अजून म्हणतो, पण आणे 1957च्या 1 एप्रिलला दशमान पद्धत आली तेव्हाच हिशेबातून गेले. त्यानंतरच्या नाण्यांवर 'नये पैसे' असं लिहिलेलं असे, 1964मध्ये त्यातलं 'नये' गेलं. दहा रुपयांत मिळणारं हे नाणं भाचरांना द्यायला मस्त.

आता माझा लाडका विषय. रेकॉर्ड. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

बाजारात काळ्या तबकड्या दोन प्रकारच्या दिसतात. हलक्या, किंचित वाकणाऱ्या त्या व्हिनाइलच्या, एलपी आणि ईपी. आणि जड, ताठ, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी ती 78 फेऱ्यांची, लाखेची. हो, तीच लाख, जी आपल्याकडे झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना लाख मुख्यतः भारतातूनच जायची. म्हणजे लंडनमध्ये वाजणाऱ्या तबकडीतही आपल्या जंगलातला थोडा अंश असायचा.

भारतातलं पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण 1902च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं. फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला आणि गौहर जान यांच्यासारख्या गायिकांनी कर्ण्यात तोंड घालून गायलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. जिथे एक राग तासभर रंगायचा तिथे तो तीन मिनिटांत मांडायचा, ही कसरत या लोकांनी केली. मुद्रिका जर्मनीला हॅनोवरला जायच्या आणि तबकड्या छापून परत यायच्या. तिथल्या कामगारांना कोण काय गातंय हे कसं कळणार? म्हणून गाणं संपलं की गायक स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायचे. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूला वाजायच्या, दुसरी बाजू कोरी. अशी एक बाजू कोरी असलेली तबकडी ढिगात दिसली तर सोडू नका. पुढे 1908पासून कलकत्त्यातच तबकड्या बनू लागल्या, नंतर दमदमचा मोठा कारखाना आला. आणि आपल्याकडे 78च्या तबकड्या इतक्या उशिरापर्यंत निघत होत्या की बीटल्सची गाणीसुद्धा भारतात 78वर आली आहेत. अमेरिका-युरोपातले संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

तबकडी घेताना काय बघायचं? लेबल वाचा: कंपनी, गायक, नाटक किंवा राग, क्रमांक. लेबलच्या कडेला गुळगुळीत भागात खरवडल्यासारखे आकडे असतात, ते ध्वनिमुद्रणाचा माग काढायला कामाला येतात, फोटो काढून ठेवा. तबकडी दोन बोटांवर तोलून नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर खणखणीत वाजते, तडा असेल तर आवाज बद्द येतो, मडकं बघतात तसंच. पृष्ठभाग करडा पडला असेल तर ती झिजेपर्यंत वाजलेली आहे. त्या काळी पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची असायची, पण काटकसरी घरांत तीच सुई महिनाभर चालायची, आणि खड्डे तबकडीला.

घरी आणल्यावरची सूचना नीट ऐका. स्पिरिट, सॅनिटायझर, काहीही अल्कोहोलवालं लाखेच्या तबकडीला लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश असंच तर बनवतात! साधं थंड पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं, बास. आणि जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई व्हिनाइलवर ठेवली तर व्हिनाइल गेलं समजा.

ग्रामोफोनचं काय, असं विचाराल. पितळेचा चकाचक मोठा कर्णा, खाली नवी कोरी लाकडी पेटी आणि त्यावर कुत्र्याचं चित्र, हे दिसायला रुबाबदार असतं पण बहुतेक वेळा चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेलं असतं. मोटर एकीची, कर्णा कालचा. घराघरांत जास्त करून असायचा तो सुटकेससारख्या पेटीतला, बिनकर्ण्याचा. तो दिसायला साधा आणि वाजायला बरा.

आणि हे सगळं कशासाठी? जुन्या नाट्यसंगीताची, ख्यालाची कितीतरी ध्वनिमुद्रणं आज आपण फोनवर ऐकतो ती अशाच कुणाच्या तरी संग्रहातल्या तबकडीवरून उतरवून घेतलेली आहेत. कंपनीच्या कपाटातून आलेली नाहीत. 1990मध्ये मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. तबकड्यांच्या याद्या, गायकांची माहिती, ध्वनिमुद्रणांच्या नोंदी असं कोरडं वाटणारं काम या लोकांनी केलं. ढिगातली एखादी तबकडी खाली ठेवताना माझा हात अडखळतो तो म्हणून. दुसरी प्रत असेल कुठेतरी, असं आपण गृहीत धरतो. ढिगाशेजारचा माणूसही तेच गृहीत धरत असतो.

मुंबईचा चोरबाजार मी पटकन उरकते. भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट. तिथे पक्की दुकानं आहेत, दुकानदार जाणकार आहेत, भावही त्याच हिशेबाने. शुक्रवारी रस्त्यावर वेगळा बाजार लागतो. सिनेमाची पोस्टरं, दिवे, घड्याळं, चिनी माती. तिथे रविवर्मा प्रेसची चित्रं विचारणारे खूप असतात म्हणून एक युक्ती सांगते. राजा रविवर्मांनी 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी तो विकत घेतला आणि 1972मध्ये तो आगीत गेला. जुनी शिळाप्रेसवरची छपाई आणि आजची नक्कल यांतला फरक तुमच्या फोनला दिसतो. कॅमेरा मॅक्रोवर टाका आणि देवीच्या गालावर न्या. ठिपके एकसारख्या जाळीत, शिस्तीत बसलेले दिसले तर ऑफसेट, म्हणजे अलीकडचं. कमीजास्त आकाराचे, हाताने टिपल्यासारखे विस्कळीत दाणे दिसले तर थांबून विचारपूस करा. गोव्यातल्या अंजुण्याच्या बुधवारच्या बाजाराबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं होतं. समुद्र छान आहे. जुन्या वस्तूंसाठी जाऊ नका.

घड्याळांत एचएमटी शोधणारे खूप. सरकारी कंपनी, जपानच्या सिटिझनच्या मदतीने 1961मध्ये बेंगळुरूत घड्याळं बनवू लागली, 2016मध्ये घड्याळांचं उत्पादन संपलं. 'जनता' हे किल्लीचं साधं मॉडेल वडिलांच्या पिढीत घराघरांत होतं. बाजारात ज्यांच्या तबकड्या पोपटी, जांभळ्या, झगझगीत दिसतात त्या बहुतेक नंतर रंगवलेल्या. अक्षरं जाड, फाटलेली दिसली तर समजून जा.

कॅमेऱ्यांत आग्फा क्लिक थ्री हमखास भेटतो. बडोद्याला बनायचा. 120ची फिल्म, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ती फिल्म आजही मिळते, त्यामुळे हा कॅमेरा नुसता शोपीस नाही, चालवून बघता येतो. भिंगातून आरपार उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कोकणातल्या-मुंबईतल्या दमट हवेची देणगी. तो सोडा.

आपल्या घरच्या अल्बमांतले ते छोटे चौकोनी कृष्णधवल फोटो आठवा. बरेचसे अशाच कॅमेऱ्यांतून निघालेले. आणि हे अल्बमही बाजारात येतात.

दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात एक काका एका अल्बमचे फोटो सोडवत बसले होते. काळी पानं, कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी त्रिकोण, मध्ये बटर पेपर. फोटो सुटे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकत होते, कुठलाही वीस रुपये. त्यांचं गणित बरोबरच होतं, अख्खा अल्बम कोण घेणार? सुट्या फोटोंना मात्र गिऱ्हाईक आहे, कॅफेवाले भिंतीवर लावायला नेतात. मी ट्रेमधले चाळले. एकच मुलगी पुन्हा पुन्हा दिसत होती. पाळण्यात, मग दोन वेण्या, मग सायकल धरून, मग पदवीच्या झग्यात. मागे शाईने लिहिलेलं: 'दहावा वाढदिवस', 'सिंहगड, परत येताना', एकावर नुसतं 'ही रुसली आहे'.

सुट्या फोटोला अर्थ नसतो असं नाही, पण अल्बममध्ये क्रम असतो. कोण कुणाच्या शेजारी चिकटवलंय, कुणाचा फोटो नंतर काढून टाकलाय आणि त्रिकोण तेवढे उरलेत, हे पान तुटलं की गेलं. मी काकांना म्हटलं, "काका, जेवढे काढलेत ते परत घाला, सगळा अल्बम द्या, काय घ्याल?" ते म्हणाले, "ताई, तुमच्या ओळखीतलं आहे का कुणी?" मी नाही म्हटलं. त्यांनी क्षणभर बघितलं आणि तीनशे सांगितले. मी घासाघीस केली नाही. 'वाड्यातला माल आहे, वाडा पाडला' एवढंच त्यांना ठाऊक होतं. गठ्ठा चार हातांतून आलेला.

तो अल्बम माझ्याकडे आहे. त्यातला एकही चेहरा मी कधी ऑनलाइन टाकलेला नाही. तुम्हाला असं काही मिळालं तर तुम्हीही टाकू नका असं माझं मत आहे. ती मुलगी आज सत्तरीची असेल, कुठेतरी असेल, आणि तिला कुणी विचारलेलं नाही. स्टुडिओचा शिक्का, शाळेचं नाव, गाव, यांवरून विचारपूस करत राहायची, ती मी करते. आणि आज घरी गेल्यावर तुमच्या आजीला अल्बम घेऊन बसवा, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतं.

कागदांचंही तेच. पुण्यात मोडी लिपीतले कागद रद्दीत सापडतात. पिळवटलेलं, न तोडता लिहिलेलं अक्षर दिसलं की थांबा. बहुतेक वेळा ते कर्जाचं खत, जमिनीचा कागद किंवा किराण्याचा हिशेब असतो, आणि त्यातही एका गावातला भाव, भांडण, नाती सगळं असतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून असेच कागद गोळा करायचे. 1898पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले आणि 1910मध्ये खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळ आजही सदाशिव पेठेत आहे. कागद मिळाला तर लॅमिनेट करू नका, टेप लावू नका, तिथल्या जाणकारांना दाखवा.

कायद्याचंही सांगून टाकते, कंटाळू नका. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं यांना संरक्षण आहे. जुन्या मूर्ती, चित्रं यांची नोंदणी लागते आणि देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे कुणी कोपऱ्यात बोलावून फडक्यात गुंडाळलेली दगडी मूर्ती दाखवली तर हात जोडा आणि निघा. ती कुठल्यातरी गावच्या देवळातून आलेली असू शकते. हस्तिदंतही घ्यायचा नाही, जुना असला तरी. 

राहिली घासाघीस. सकाळी लवकर गेलात तर माल चांगला, संध्याकाळी गेलात तर भाव चांगला. बोहनीच्या वेळी फार ताणू नका. घ्यायचंच नसेल तर भाव विचारून खेळत बसू नका, त्या माणसाचा दिवस जातो. हवी असलेली वस्तू पहिल्यांदा उचलायची नाही, शेजारची उचलायची, हे सगळेच करतात आणि विक्रेत्यांना ते माहीत असतं, तरी करतात! गंमत म्हणून ठीक आहे. पण दीडशेची वस्तू ऐंशीला पाडून घ्यायची आणि घरी येऊन दोन हजारांना ऑनलाइन लावायची, हे मला जमत नाही. मला ओळख पटली हे माझं शिक्षण. उन्हात ताडपत्रीवर बसलेल्या माणसाने ते माझ्यापर्यंत आणलं याचे पैसे द्यायला हवेत. आता मी काय करते, तर वस्तू घेतल्यावर ती काय आहे हे त्यांना सांगते. रेकॉर्डवाल्या मामांना एक बाजू कोरी असलेल्या तबकडीबद्दल मीच सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी तशी एक तबकडी बाजूला काढून ठेवली होती आणि भाव चारपट सांगितला. मी दिला.

न्यायचं काय? चुंबक, फोन, सुटे पैसे (बऱ्याच जणांकडे आता स्कॅनर असतो, पण सगळ्यांकडे नाही), कापडी पिशवी, तबकड्यांसाठी दोन पुठ्ठे, पाण्याची बाटली, आणि घरी विचारलं तर द्यायला एक उत्तर.

दिवस मावळायला आला की टेम्पो लागतात. उरलेला माल पोत्यांत भरतात. पितळ एका पोत्यात, लोखंड दुसऱ्यात, कागद दोरीने बांधून. त्या वेळी पोत्याचं तोंड बांधायच्या आधी विचारलं तर बघू देतात. मी येत्या रविवारी चार वाजल्यापासून तिथेच आहे, पत्र्याच्या ट्रेवाल्या काकांच्या शेजारच्या रांगेत. दिसले तर हाक मारा.